ध्रुवीय बर्फ आणि प्राणी पाहण्यासाठी आइसब्रेकर निवडावा की स्वालबार्डचे लहान जहाज? सल्ला हवा आहे

लातूरकर गुरुजी

सर्व अनुभवी प्रवाशांना नमस्कार. मी आणि माझी पत्नी लातूर जिल्ह्यात शिक्षकी करून निवृत्त झालो आहोत. भूगोल शिकवताना उत्तर ध्रुव फळ्यावर पुष्कळदा काढला; आता हातपाय चालत आहेत तोवर तो बर्फ फोडत जाणाऱ्या जहाजावरून पाहावा, अशी इच्छा आहे. रशियातील मुर्मान्स्कहून अणुऊर्जेवर चालणारा आइसब्रेकर थेट ध्रुवापर्यंत जातो आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांभोवती लहान जहाजे फिरतात, एवढे वाचून कळले आहे. आम्हांला बर्फ तर पाहायचाच आहे, शिवाय पांढरी अस्वले आणि वॉलरसही पाहायचे आहेत. पैशांची तजवीज एकाच मोठ्या प्रवासापुरती आहे, आम्ही दोघे शाकाहारी आहोत आणि पत्नीच्या गुडघ्यांचे दुखणे जुने आहे. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी मार्गदर्शन करावे.

नांदेडची डॉक्टर

गुरुजी, आपण बर्फ आणि प्राणी यांची नावे एका दमात घेतली आहेत, परंतु प्रवास निवडताना त्यांतील एकाला पहिला मान द्यावाच लागतो. मी मुर्मान्स्कहून ‘50 लेट पोबेडी’ या आइसब्रेकरने ध्रुवावर जाऊन आले आहे आणि बर्फाच्या बाबतीत त्या प्रवासाला तोड नाही, असे माझे मत आहे. सुमारे 159 मीटर लांबीच्या या जहाजात दोन अणुभट्ट्या असून त्याची शक्ती 75,000 अश्वशक्ती आहे. ते बर्फ कापत नाही, तर त्याचा उतरता पुढचा भाग बर्फावर चढतो आणि जहाजाच्या वजनाने खालचा थर मोडतो. खालच्या मजल्यावर कोणी अहोरात्र ज्वारी भरडत बसले आहे असा आवाज त्या वेळी केबिनमध्ये येत राहतो, आणि सूर्य मावळतच नसल्याने माणसे रात्री दोन वाजताही डेकवर उभी राहून फुटणाऱ्या बर्फाच्या निळसर कडा पाहत असतात. आपण भूगोलाचे शिक्षक आहात म्हणून सांगते, पृष्ठभागावरून ध्रुव गाठणारे पहिले जहाज म्हणजे सोव्हिएत ‘आर्क्टिका’. ते 17 ऑगस्ट 1977 रोजी तेथे पोहोचले.

प्राण्यांविषयी मात्र फार आशा धरू नये. ध्रुवाखाली समुद्र चार हजार मीटरहून अधिक खोल आहे, तेथे अन्न तुटपुंजे असल्याने सील कमी, आणि सील कमी म्हणून अस्वलेही विरळ. वाटेत फ्रान्झ जोसेफ लँड बेटांजवळ वॉलरस आणि पक्ष्यांचे कडे दिसू शकतात, पण तेथे थांबता येईल की नाही हे हवामान आणि बर्फ ठरवतात. आणखी एक अडचण अशी की आइसब्रेकरचा तळ बर्फासाठी गोलसर बांधलेला असतो, त्यामुळे बॅरेंट्स समुद्राच्या मोकळ्या पाण्यात तो चांगलाच डोलतो. मळमळीचे औषध आपल्या डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावे.

संभाजीनगरचा छायाचित्रकार

ताईंच्या म्हणण्याला मी पूर्ण दुजोरा देतो. अस्वल हवे असेल तर स्वालबार्डला जावे, कारण सील जेथे मुबलक आहेत त्या उथळ समुद्रावरच्या बर्फाच्या कडेला अस्वल शिकार करते, आणि नेमक्या त्याच कडेने ही लहान जहाजे फिरतात. त्यांचा सांगाडा बर्फासाठी मजबूत केलेला असला तरी ती आइसब्रेकर नव्हेत. जाड बर्फ लागला की ती वळतात. वॉलरस, दाढीवाले सील, ध्रुवीय कोल्हे, कड्यांवर दाटीने बसणारे पक्षी आणि नशीब असल्यास देवमासे हे सारे एका आठवड्याच्या फेरीत पाहता येते.

व्हिसाकडे मात्र नीट लक्ष द्यावे. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा नाही, परंतु ती बेटे शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहेत आणि तेथे नॉर्वेच्या मुख्य भूमीवरूनच जावे लागते. म्हणून परतताना पुन्हा प्रवेश मिळावा यासाठी किमान दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा मागावा. या बेटांवर नी-ऑलेसुंद येथे 2008 पासून आपले ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे.

बर्फ फोडणे आणि ध्रुव दोन्ही हवे असतील, पण रशियामार्गे जायचे नसेल, तर 2021 मध्ये सेवेत आलेले ‘ल कमांडंट शार्को’ हे फ्रेंच जहाज स्वालबार्डमधील लाँगयिअरब्येन या गावाहून ध्रुवाकडे जाते. ते अतिशय महाग आहे, आणि त्यातल्या आलिशानपणाचे पैसे आपल्यासारख्या प्रवाशाने का मोजावेत, हा प्रश्न मला पडतो.

परभणीहून फिनलंडला आलेला

गुरुजी, बर्फ फुटताना पाहण्यासाठी ध्रुवापर्यंत जाण्याची गरज नाही, हेही ध्यानात घ्यावे. फिनलंडमधील केमी या गावी ‘साम्पो’ नावाचा 1960च्या सुमाराचा जुना आइसब्रेकर आहे. बोथनियाच्या आखाताचे पाणी फारसे खारे नसल्याने ते दर हिवाळ्यात गोठते, आणि हे जहाज प्रवाशांना घेऊन काही तासांत त्या बर्फातून फेरी मारून आणते. पाण्यापासून बचाव करणारा पोशाख घालून बर्फ फोडून मोकळ्या केलेल्या पाण्यात तरंगूही देतात. येथे अस्वल नाही आणि ध्रुवही नाही, परंतु खर्च ध्रुवाच्या तुलनेत किरकोळ आहे. अडचण एवढीच की ही फेरी हिवाळ्यातली आणि स्वालबार्डचा हंगाम उन्हाळ्यातला, त्यामुळे दोन्ही एका प्रवासात बसत नाहीत.

लातूरकर गुरुजी

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. पत्नीचा कल अस्वलांकडे आहे आणि माझाही आता तिकडे झुकू लागला आहे. गुडघे आणि जेवण यांचे काय करावे, आणि कोणता महिना धरावा?

नांदेडची डॉक्टर

गुडघ्यांचा प्रश्न जहाजावर येत नाही, तो किनाऱ्यावर नेणाऱ्या रबरी होडीत उतरताना येतो. शिडीवरून हलत्या होडीत पाऊल टाकावे लागते, दोन कर्मचारी दंड धरून आधार देतात, तरीही गुडघा वाकवावा लागतोच. म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच कंपनीला वहिनींच्या दुखण्याविषयी लेखी कळवावे आणि ज्या दिवशी त्यांना उतरता येणार नाही त्या दिवशी जहाजावरून काय पाहता येईल, हे विचारावे. जेवणाचेही लेखीच कळवावे. केवळ ‘शाकाहारी’ असे न लिहिता अंडी आणि मासेही चालत नाहीत हे स्पष्ट लिहावे. विमा घेताना हेलिकॉप्टरने रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे ना, हे तपासावे. नेहमीची औषधे परतीच्या तारखेपुढेही पुरतील एवढी, आणि ती चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातील बॅगेत ठेवावीत. लातूरच्या मे महिन्यातून जाणाऱ्याला जुलैतली शून्याहून थोड्याच अंशांनी वरची हवा ऐकायला भीतिदायक वाटते, पण त्रास देतो तो वारा, म्हणून जाड एका कोटापेक्षा लोकरीचे दोन थर आणि वर वारा अडवणारे जॅकेट बरे.

संभाजीनगरचा छायाचित्रकार

महिन्याविषयी सांगतो. जूनमध्ये बर्फ बेटांच्या जवळ असतो, पण 2025 पासूनच्या नियमांनुसार 1 मार्च ते 30 जून अस्वलापासून 500 मीटर आणि उरलेल्या काळात 300 मीटर अंतर राखावे लागते. ऑगस्टपर्यंत बर्फाची कड उत्तरेला सरकते आणि तेथे पोहोचण्यात जहाजाचा वेळ जातो. म्हणून जुलैचा पहिला पंधरवडा धरावा, चांगल्या दुर्बिणी दोघांसाठी दोन वेगळ्या घ्याव्यात, आणि जागा लवकर भरतात म्हणून आदल्या दिवाळीपूर्वीच चौकशी सुरू करावी.