मदत हवी आहे: इंकजेट प्रिंटरचं हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) सुकू नये म्हणून काय करता?

घरच्या इंकजेटवर आमचं प्रिंटिंग थोडंच होतं, तेही बहुतेक काळ्या शाईत. मध्ये खंड पडला की नोझल चेकमध्ये (हेडची बारीक छिद्रं तपासायच्या चाचणी प्रिंटमध्ये) पिवळ्या आणि निळ्या रेघा तुटक येतात. हेड क्लीनिंगने सुधारतं, पण त्यात शाई किती वाया जाते! ती सगळी आतल्या पॅडमध्ये मुरते, आणि ते पॅडही कधीतरी भरणारच. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करतो, म्हणजे हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. तरीही हा त्रास आहेच.

आठवड्यातून एकदा नुसतं नोझल चेक पुरेसं आहे, की सगळे रंग असलेलं पूर्ण पान काढावं? आणि महिनाभर प्रिंटर बंद राहणार असेल तर काय करता? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.