डंपरच्या वर्कशॉपात अप्रेंटिस लागलो, पण तीन आठवडे नुसते पार्ट धुतोय. थांबू का सोडू?

वरोरा_डिझेल

नमस्कार मंडळी. मी वरोरा तालुक्यातला, वय १९. आयटीआयमधून मेकॅनिक डिझेल केलं, एक वर्षाचा ट्रेड. आता चंद्रपूरच्या बाजूला एका ठेकेदाराच्या वर्कशॉपात वर्षभरासाठी अप्रेंटिस लागलो आहे. कोळसा खाणीवर चालणारे डंपर, पोकलेन, डोझर अशा मशिनी तिथे येतात.

आयटीआयत आम्ही वीस पोरं मिळून एकच चार सिलिंडरचं इंजिन वर्षभर खोलत-बसवत होतो. इथे पहिल्या दिवशी साठ टनी डंपरजवळ उभा राहिलो तर त्याचं चाक माझ्या डोक्याच्या वर. वाटलं, आता खरं शिकायला मिळणार.

पण तीन आठवडे झाले, मी फक्त धुऊन राहिलो. सकाळी आठला डिझेलचा ट्रे पुढ्यात ओढायचा आणि संध्याकाळपर्यंत नट, बोल्ट, गिअर, बेअरिंग, कव्हर. मिस्त्री साठीच्या जवळचे आहेत. माणूस वाईट नाही, पण बोलतच नाहीत. परवा मी एका बोल्टला पाना लावला तर त्यांनी तो हातातून काढून घेतला आणि एवढंच म्हणाले, "आधी खाली काय लावलंय ते बघून ये." काय बघायचं तेच मला कळलं नाही.

माझे दोन मित्र नागपूरला मोटारसायकलच्या सर्व्हिस सेंटरात लागले, ते आत्ताच एकट्याने सर्व्हिसिंग करतात. घरी आई विचारते, शिकला काय? काय सांगू तिला?

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. असं धुणं किती दिवस चालतं? स्वतःचे पाने कोणते घेऊ, पैसे फार नाहीत. आणि मिस्त्री शिकवत नसतील तर मी काय करावं? ज्यांनी हे काम केलंय त्यांनीच सांगा.

भांदक_ट्रान्सपोर्ट

भाऊ, मीपण असाच लागलो होतो, चार महिन्यांत सोडून आलो. तेव्हा वाटायचं, आपल्याला नोकरासारखं वापरून राहिले. आज माझे दोन टिपर आहेत. हायड्रॉलिकचं काही बिघडलं की मिस्त्री म्हणेल तेवढे पैसे मोजतो, कारण तो खरं सांगतोय का हेच मला ओळखता येत नाही. ते चार महिने वर्षभर ताणायला हवे होते, असं दर बिलाला वाटतं. बाकी जाणकार सांगतीलच.

घुग्घुसचे_काका

पोरा, तुझा प्रश्न कालच वाचला होता. घाईत लिहायचं नव्हतं म्हणून आज बसून लिहितोय.

मी १९८६ साली वणी भागात हेल्पर म्हणून लागलो आणि २०२१ साली पाना खाली ठेवला. मधली सगळी वर्षं डंपर आणि पोकलेनच्या पोटाखाली गेली. तुझ्या मिस्त्रींनी तुला काही शिकवलं नाही असं तू म्हणतोस. "खाली काय लावलंय" हे मला कळायला दोन वर्षं लागली होती, तुला तिसऱ्या आठवड्यात सांगितलंय त्यांनी.

त्याचा अर्थ असा. तू जो बोल्ट सोडणार होतास, तो कशाचं वजन धरून होता? तो निघाल्यावर काय खाली येईल, काय उडेल? जॅक उचलण्यापुरता असतो. उचलून झालं की वजन घोडीवर (लोखंडी स्टँडवर) नाहीतर भक्कम लाकडी ठोकळ्यांवर उतरवायचं, मगच पाना. डंपरचा हौदा वर केलेला असतो तेव्हा तो नुसत्या तेलावर उभा असतो. एक होज, म्हणजे तेलाचा रबरी पाईप, फुटला किंवा कुणाचा हात लिव्हरला लागला तर कित्येक टनांचा हौदा चेसिसवर येऊन बसतो. सेफ्टी पिन किंवा वायररोप लावलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय हौद्याखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. मिस्त्री म्हणाले लावलंय, तरी जाऊन बघायचं. त्यांना राग येणार नाही, उलट बरं वाटेल.

इंजिन बंद झालं म्हणजे मशीन निजलं असं समजू नकोस. त्याच्या पोटात ताकद अडकून राहिलेली असते. टिपरच्या मागच्या ब्रेक चेंबरमध्ये स्प्रिंग दाबून बसवलेली असते. तिचा बोल्ट लावून ती बांधून न घेता चेंबर खोललं तर झाकण छाती फोडून जाईल. मोठ्या चाकाची लॉक रिंग (टायर रिमवर धरून ठेवणारी कडी) हवा पूर्ण उतरवल्याशिवाय चाळवायची नाही. जोडचाक असेल तर दोन्ही टायरची हवा काढायची, मगच नट. पोकलेनचा कुठलाही होज सोडायच्या आधी बकेट जमिनीला टेकव, इंजिन बंद कर आणि लिव्हर चारी बाजूंना फिरवून लाईनमधलं प्रेशर उतरू दे.

हायड्रॉलिकचं एक सांगतो, ते माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. १९९४ चा उन्हाळा. पोकलेनच्या बूमवरून तेल येत होतं आणि नेमकं कुठून ते दिसेना. इंजिन चालू होतं. माझ्या जोडीदाराने होजवरून बोट फिरवलं. म्हणाला, काटा टोचल्यासारखं झालं. बोटावर बारीक ठिपका, रक्तही नाही. आम्ही पाणी प्यालो, काम उरकलं, घरी गेलो. रात्रीतून हात कोपरापर्यंत सुजला. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने मलम लावायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी नागपूरला नेला तेव्हा तर्जनी काढावी लागली. मोटारसायकलच्या टायरात दोन-अडीच बार हवा असते, या मशिनीच्या लाईनमध्ये ३०० बारच्या वर तेल असतं. ते कातडीतून सुईसारखं आत जातं आणि आतून मांस सडवतं. गळती शोधायची तर हातात पुठ्ठा धर, तेल पुठ्ठ्यावर उमटतं. आणि कधी असा ठिपका दिसलाच तर दुखो न दुखो, त्याच तासाला सर्जन असलेल्या दवाखान्यात जायचं आणि "प्रेशरचं तेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं. माझा जोडीदार पुढे चहाची टपरी चालवायचा. त्याने पुढे केलेला कप घेताना मला त्याच्या हाताकडे बघवायचं नाही.

आता धुण्याचं. किती दिवस चालेल ते मी सांगू शकत नाही, पण तू धुताना बघतोस का? मशीन कशाने आजारी पडलं ते त्या ट्रेमध्येच कळतं. बेअरिंग धुतल्यावर उजेडात धरून एकेक रोलर फिरव. कातडीला देवीचे वण असतात तसे खड्डे दिसले तर ते संपलं. निळसर-काळं पडलेलं असेल तर तेल किंवा ग्रीस कमी पडून तापलंय. ड्रेन प्लगच्या, म्हणजे तेल काढायच्या बुचाच्या, चुंबकावर करडा, मलमासारखा लेप असेल तर ती रोजची झीज. चकत्या, टवके दिसले तर आत कुठला तरी दात नाहीतर बेअरिंग तुटतंय, आणि तेव्हा तो प्लग पुसून टाकायचा नाही, तसाच मिस्त्रींना नेऊन दाखवायचा. पिवळी चमक दिसली तर पितळी बुश खाल्लं जातंय. मी एकदा तसा प्लग पुसून ठेवला होता. मिस्त्री ओरडले नाहीत, पण फायनल ड्राइव्ह (चाकाजवळचे शेवटचे गिअर) परत खोलावा लागला आणि आमचे दोन दिवस गेले.

आणि एक, धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवायचं नाही. आवाज ऐकायला सगळ्याच पोरांना गंमत वाटते. कोरडं बेअरिंग तेवढ्या वेगाने फिरलं की खराब होतं, आणि सुटलं तर रोलर गोळीसारखे येतात.

पाने सगळे लगेच घेऊ नकोस. वर्कशॉपाचे मोठे पाने आणि गोट्या (सॉकेट) असतातच. डोक्याला बांधायची बॅटरी, लांब दांडीचा चुंबक, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या), चांगल्या मापाचे १३, १७, १९, २४ चे रिंग पाने आणि एक वही, एवढ्यावर सहा महिने निघतील. घासलेला पाना स्वस्तात मिळाला तरी घेऊ नकोस, तो नटाचे कोपरे खातो आणि हात सुटून ढोपर फुटतं. मे महिन्यात पाने उन्हात ठेवायचे नाहीत. आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की लोखंड हातात धरवत नाही. ओल्या गोणपाटाखाली ठेव.

वहीचं पहिलं पान मीच देतो. सहा सिलिंडरचं फायरिंग, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-५-३-६-२-४. जोड्या १-६, ५-२, ३-४, बेरीज सात. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलत असतील, म्हणजे एक बसतोय आणि दुसरा उठतोय, तेव्हा पहिल्याचे दोन्ही मोकळे असतात. त्या वेळी पहिल्याचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावायचे. फीलरची पत्ती ओढताना जड वह्यांच्या गठ्ठ्यातून कागद ओढल्याइतकी लागली पाहिजे. हे लिहून कळत नाही. मिस्त्रींनी टॅपेट लावल्यावर त्यांना विचारून तीच पत्ती स्वतः एकदा ओढून बघ. मी हाताला ती सवय अशीच लावली.

आमच्या वेळचं एक मात्र शिकू नकोस. इंजिन मिस मारत असलं की आम्ही चालू इंजिनावर एकेका नोजलचा पाईप सैल करून कुठला सिलिंडर काम करत नाही ते शोधायचो. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोजलांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, इंजिनात त्या पाईपात दीड-दोन हजार बार असतात. जुना मिस्त्री सवयीने सांगू शकेल, तेव्हा तू आदबीने नाही म्हण. तिथे लॅपटॉप लावून सिलिंडर बंद करून बघतात.

मिस्त्री शिकवत नसतील तर काय करायचं, विचारलंस. त्यांच्या पुढच्या हालचालीच्या एक पाऊल आधी पुढचा पाना घेऊन उभा राहा. महिनाभर एवढंच कर.

डेपोतली_फिटर

काकांनी मनापासून लिहिलंय, त्यात दोन-तीन गोष्टींची भर घालते. मी पण मेकॅनिक डिझेल, एसटीच्या डेपोत अप्रेंटिसशिप केली.

दादा, तुझा अप्रेंटिसशिपचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवलाय का ते आजच बघ. नोंदणी असेल तरच शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं, नाहीतर वर्षभर राबून हाती काहीच कागद नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या (सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय तुला ओव्हरटाइमला बसवता येत नाही, आणि काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. भांडायला जा असं म्हणत नाही, पण माहीत असू दे.

हातात कडं, अंगठी, जाड धागा असेल तर गेटवर काढून ठेव. मोठ्या गाडीत दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात. अंगठी आणि पाना मध्ये आले तर अंगठी लाल होते, काढता येत नाही. बॅटरी सोडताना अर्थची वायर आधी काढायची, लावताना ती शेवटी. मी मंगळसूत्र आणि बांगड्या डब्याच्या पिशवीत ठेवून मगच आत जायचे. सुरुवातीला बायका नावं ठेवायच्या, आता त्यांच्याच मुली विचारायला येतात की हा ट्रेड कसा आहे.

आईला एखाद्या रविवारी वर्कशॉपाच्या गेटपर्यंत घेऊन जा. त्या चाकाशेजारी तुला उभं राहिलेलं बघू दे.

वरोरा_डिझेल

काका, ताई, दादा, सगळ्यांचे आभार. आठ दिवस थांबून लिहितोय, कारण आधी करून बघायचं होतं.

करार पोर्टलवर आहे, बघितलं. त्या दिवशीचा बोल्ट हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचा होता आणि एक्सल नुसत्या जॅकवर होता. मिस्त्री घोडी आणायला चालले होते तेवढ्यात मी पाना लावला होता. हे वाचल्यावर रात्री झोप लागली नाही.

काल बेअरिंग धुताना एका रोलरवर खड्डे दिसले, काकांनी लिहिले तसेच. मिस्त्रींना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, दाराशी उजेडात नेलं, बराच वेळ फिरवलं आणि विचारलं, "याचा बाहेरचा कप कुठाय?" मी म्हटलं, हबमध्येच आहे. म्हणाले, "उद्या काढू. तू काढशील." घरी येऊन आईला ते बेअरिंग हाताने दाखवून सांगितलं, केवढं असतं ते.

काका, कप हबमध्ये घट्ट बसलाय. हातोडा कसा मारायचा?

घुग्घुसचे_काका

कपावर हातोडा थेट मारायचा नाही, कडक पोलाद आहे, कपची उडून डोळ्यात जाते. पितळी सळई घे आणि डोळ्याला चष्मा लाव. हबच्या आत कपाच्या मागे खाच असते, तिथे सळई टेकव. एक ठोका इकडे, एक समोरच्या बाजूला, थोडं थोडं सरकव. एकाच बाजूने मारलंस तर तिरका होऊन हब कोरेल. निघाला की त्याच्या आतल्या भिंतीवर नख फिरव, रोलरला खड्डे आहेत तर त्यालाही असतील. कप आणि कोन (रोलर असलेला आतला भाग) दोन्ही नवीन, जोडीनेच घालायचे. आणि हब बाकावर घ्यायच्या आधी बाकाखाली काय लावलंय ते बघ.