मदत हवी आहे: पंचवटी ते सिन्नर स्टोरेज रेप्लिकेशन, सिंक की असिंक?

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या पंचवटीतल्या एका डायग्नोस्टिक सेंटरचे सर्व्हर मी सांभाळते. सीटी, एमआरआय, एक्स-रे मिळून 8 टीबी इमेजेस तळमजल्यावरच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजवर) आहेत. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी चढलं, की आमच्या गल्लीत सामान वर हलवायची धावपळ सुरू होते. नॅस वर नेता येईल, पण सगळा डेटा एकाच इमारतीत असणं मला पटत नाही. कॅन्सरच्या पेशंटचा मागच्या वर्षीचा सीटी गेला, तर तो पुन्हा काढता येत नाही.

सिन्नरच्या शाखेत तसाच दुसरा नॅस आलाय. पंचवटीच्या डेटाची कॉपी तिथे कायम होत राहावी (रेप्लिकेशन) असं बघतेय. दोन्हीकडे ट्रूनॅस ही स्टोरेज सिस्टिम, मधे 100 एमबीपीएसची लाइन.

व्हेंडर म्हणतो, सिंक्रोनसच करा, एक बाइटही जाणार नाही. अंतराचा प्रश्न नाही, पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) 3-4 मिलिसेकंद येतो. पण सिंकमध्ये सिन्नरला लिहून झाल्याशिवाय पंचवटीचं राइट पूर्ण होत नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेत, केबल अधूनमधून तुटते. तेव्हा एकतर राइट अडकणार, नाहीतर सिस्टिम एकट्यानं लिहीत राहणार. मग सिंकचा उपयोग काय? पेशंट टेबलावर असताना इमेजेस अडकलेल्या मला चालणार नाहीत.

म्हणून असिंक करावं, म्हणजे दर 15 मिनिटांनी झेडएफएस (ट्रूनॅसची फाइल सिस्टिम) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत, घेऊन फक्त फरक पाठवावा असं वाटतंय. रोजची भर 30 जीबी, म्हणजे दिवसभरात मिळून लाइनची 40 मिनिटं. शेवटच्या 15 मिनिटांतलं गेलंच, तर सीटी मशिनच्या स्वतःच्या डिस्कवरून पुन्हा पाठवता येतं.

अडतंय ते इथं: पेशंटची नोंद पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये, इमेजेस वेगळ्या डेटासेटवर (नॅसवरच्या वेगळ्या विभागात). दोन्ही एकाच क्षणाचे कसे राहतील? आणि रॅन्समवेअर (फाइली एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद करून खंडणी मागणारं) आलं तर तेही सिन्नरला पोचेल ना?

प्रतिसाद:
ताई, असिंकच करा. दोन्ही डेटासेट एका पालक डेटासेटखाली घ्या आणि रिकर्सिव्ह (खालच्या सगळ्यांसकट) स्नॅपशॉट लावा, तो सगळ्यांचा एकाच क्षणी निघतो. पोस्टग्रेसचा डेटा आणि वॉल (बदलांची आधी लिहिली जाणारी नोंद) दोन्ही त्यातच हवेत; मग वीज गेल्यावर उठतं तसं ते उठतं.

पंचवटीनं पाठवायचं (पुश) असं करू नका, सिन्नरनं ओढून घ्यावं (पुल). पंचवटीकडे सिन्नरचं लॉगिनच नको. सिन्नरचे स्नॅपशॉट महिनाभर तरी ठेवा, एन्क्रिप्ट झालेल्या फाइली पोचल्या तरी जुन्या शाबूत राहतील. तरी ऑफलाइन बॅकअप वेगळा हवाच.

पहिले 8 टीबी लाइनवरून पाठवू नका, आठवडा जाईल. सिन्नरचा नॅस पंचवटीत आणून लॅनवर भरा, मग परत न्या.

धागाकर्ती:
धन्यवाद दादा, पुलचं लक्षात आलं नव्हतं. अजून एक: पूर आल्यावर सिन्नरची रीड-ओन्ली कॉपी लाइव्ह करायचा निर्णय तुमच्याकडे कोण घेतं, आयटी की डॉक्टर? आणि पाणी ओसरल्यावर उलट दिशेनं रेप्लिकेशन कुणी प्रत्यक्ष केलंय का?