एलिनॉर गार्डनर : वाळवंटातील उत्खननात भूवैज्ञानिकाचे स्वतःचे काम कोणते?

माणगंगा (सातारा)

नमस्कार. मी भूशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला असून सेमिनारसाठी एलिनॉर गार्डनर (जन्म १८९२) यांची कारकीर्द निवडली आहे. १९२०च्या दशकात इजिप्तमधील फायूम येथे आणि १९३० ते १९३३ या काळात खर्गा ओअॅसिसमध्ये त्यांनी पुरातत्त्वज्ञ गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांच्यासोबत काम केले. अडचण अशी की, जिथे वाचावे तिथे गार्डनर यांचे नाव या 'सोबत'ला लटकलेले सापडते. "यात तुझ्या बाईंचे स्वतःचे काय?" असे मार्गदर्शकांनी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. शिवाय त्यांनी लावलेला फायूमचा कालक्रम पुढे चुकीचा ठरला असेही वाचनात आले. मग तो भाग सेमिनारमध्ये घ्यावा की गाळावा?

येरळाकाठ (सांगली)

गाळू नका, त्यातच तुमच्या मार्गदर्शकांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या काळी रेडिओकार्बन पद्धत, म्हणजे अवशेषांतील किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याची रीत, नव्हती. वाळूवर पडलेले गारगोटीचे हत्यार किती जुने, हे ते हत्यार सांगत नाही; ते कोणत्या थरात किंवा कोणत्या जुन्या काठावर सापडले, यावरून ते ठरवावे लागे, आणि तो काठ ओळखणे हे गार्डनर यांचे काम होते. फायूमच्या खोलगट भागात आज कारून नावाचे खारे सरोवर आहे, ज्याचे पाणी समुद्रसपाटीच्या सुमारे ४५ मीटर खाली आहे. एके काळी नाईलचे पाणी आत शिरून तेथे याहून कितीतरी मोठे, गोडे सरोवर होते. त्याच्या जुन्या काठांच्या खुणा शोधणे, त्यांची उंची मोजणे आणि गाळातील शंख-शिंपल्यांवरून पाणी गोडे होते की खारे हे ठरवणे, हे सगळे त्यांच्याकडे होते. या शंख-शिंपल्यांवर त्यांनी स्वतंत्र लेखनही केले.

आता चुकीबद्दल. तुम्ही साताऱ्याच्या आहात, म्हणून म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव मे महिन्यात पाहून या. पाणी जसजसे मागे सरकते तसतशा काठावर एकाखाली एक रेघा उमटतात. भेगाळलेला गाळ, पांढरे पडलेले शंख, वाळलेले शेवाळ. ज्याला आपला पावसाळा ठाऊक नाही तो म्हणेल की वरची रेघ सर्वांत जुनी आणि खालची सर्वांत नवी. फायूममध्ये नेमके हेच झाले. सरोवर एकदा भरले आणि मग फक्त ओसरत गेले, असे दोघींनी धरले; त्यामुळे वरच्या काठावरील शेतकरी वस्ती 'फायूम अ' आधीची आणि खालची, शिकार-मासेमारी करणाऱ्यांची 'फायूम ब' नंतरची ठरली. प्रत्यक्षात ते सरोवर अनेकदा आटून पुन्हा भरले होते. १९६९ नंतरच्या उत्खननांत आणि रेडिओकार्बन तारखांत क्रम उलटा निघाला. 'ब' आधीची, 'अ' नंतरची. मोजलेल्या उंचीत खोट नव्हती, ती रेघ कोणत्या 'पावसाळ्याची' हे ठरवण्यात चूक झाली. भूजल सर्वेक्षणात असताना विहिरींवरच्या पाण्याच्या खुणांवरून मीही हीच चूक केली आहे, तेव्हा बाईंना फार बोलायचा मला हक्क नाही.

पेवकरी (हरिपूर)

वरील प्रतिसादात थोडी भर घालतो. 'फायूम अ'च्या लोकांनी धान्य जमिनीतील खड्ड्यांत ठेवले होते, आणि त्या खड्ड्यांना आतून गवती विणीचे अस्तर होते. आमच्याकडे हळदीची पेवे असल्यामुळे ते चित्र मला लगेच समजले. फरक इतकाच की आमची पेवे खोल, तर ती लहान आणि उथळ. त्यांत गहू आणि जव मिळाले, आणि एका पेवात गारगोटीची पाती बसवलेला लाकडी विळाही. पेवे सरोवराच्या काठापासून दूर, उंचवट्यावर खणलेली होती. पाणी कुठवर येईल याचा अंदाज घेतल्याशिवाय कोणी पेव खणत नाही. २००५च्या महापुराने आमच्या गावाला हे पुन्हा शिकवले. तेव्हा धान्य आणि विळा ही पुरातत्त्वज्ञाची मिळकत मानली, तरी ती पेवे तिथेच का, याचे उत्तर भूवैज्ञानिकाकडूनच येते.

अश्मयुग (कराड)

फायूमवरच थांबू नये. खर्गा येथे दोघींनी आटलेल्या झऱ्यांच्या टेकाडांत आणि कड्यावरील टूफात, म्हणजे झऱ्याच्या पाण्यातून साठलेल्या चुन्याच्या सच्छिद्र दगडात, अश्मयुगीन हत्यारांचे थर लावले. आज जिथे थेंब नाही तिथे टूफा असणे म्हणजे कधीकाळी पाणी वाहत होते, हा युक्तिवाद माणदेशात राहणाऱ्यास वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पुढे गार्डनर यांनी जीवाश्मतज्ज्ञ डोरोथिया बेट यांच्यासोबत बेथलेहेम येथे हत्तीच्या जीवाश्मांच्या जागी खोदकाम केले, आणि १९३७-३८ मध्ये केटन-थॉम्पसन व प्रवासलेखिका फ्रेया स्टार्क यांच्यासोबत येमेनच्या हद्रमौत भागातील हुरैदा गाठले. केवळ फायूम धरून बसलात तर ही कारकीर्द दुसऱ्या कोणाच्या तरी मोहिमेची पुरवणी वाटेल. वेगवेगळ्या पुरातत्त्वज्ञांना आणि जीवाश्मतज्ज्ञांना त्याच भूवैज्ञानिकाची गरज भासली, हे दाखवा.

भारतातील जोड हवी असेल तर राजस्थानातील डीडवाना येथे वि. ना. मिश्र आणि भूवैज्ञानिक शरद राजगुरू यांनी डेक्कन कॉलेजतर्फे वाळूच्या टेकडीच्या थरांवर केलेले काम पाहा. जर्मन संशोधिका गुडरून कॉर्व्हिनस यांनी नेवाशाजवळ प्रवरेकाठी चिरकी येथे उत्खनन केले. त्याही मूळच्या भूविज्ञानातल्याच.

माणगंगा (सातारा)

सर्वांचे आभार. 'चूक' हा भाग आता मध्यभागी घेईन. काका, राजेवाडीला जाणार आहे. महाविद्यालयातील डंपी लेव्हल (उंची मोजण्याची दुर्बीण) आणि स्टाफ (मोजपट्टी) मिळाला तर रेघांची उंची मोजूनच आणते.

येरळाकाठ (सांगली)

अवश्य जा, पण वळवाच्या आधी. आणि बेंचमार्क, म्हणजे उंची मोजण्याचा स्थिर संदर्भबिंदू, सांडव्याच्या दगडी कामावर धरा, काठावरच्या धोंड्यावर नको. गुरे पाण्यावर येतात तेव्हा धोंडे हलतात.