मदत हवी आहे : सासू-सासरे आणि मुलांसह दिवाळीच्या सुट्टीत मालवण

नमस्कार मंडळी,

भाऊबीज झाली की पाच रात्रींसाठी कोकणात जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा, सासरे ७२ आणि सासूबाई ६८. राहायला डोंबिवलीत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सपाटीवर चालतात पण पायऱ्या नको म्हणतात. सासरे पूर्ण शाकाहारी. सिंधुदुर्ग किल्ल्यात जाऊन शिवराजेश्वराचं, म्हणजे तिथल्या शिवाजी महाराजांच्या देवळात दर्शन घ्यायचं, ही त्यांची फार वर्षांची इच्छा आहे आणि या वेळी ती पुरी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

यजमानांचा बेत असा : दोन रात्री गणपतीपुळे, दोन मालवण, एक गोवा. मला हे धावपळीचं वाटतंय. तुम्ही काय कराल? ट्रेन की गाडी? शिवाय होडीत चढणं सासूबाईंना जमेल का? शाकाहारी जेवणाचं काय?

प्रतिसाद

ताई, गणपतीपुळे आणि गोवा दोन्ही काढा. गणपतीपुळ्याहून मालवण रस्त्याने चार-पाच तास. वर सामान बांधा, सोडा, नवीन खोलीत मुलांना झोपवा. घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं दोन्ही असतील तर मुक्काम एकच हवा. मालवण किंवा तारकर्लीत चार रात्री राहा आणि दिवसाला एकच ठिकाण करा. दुपारी सगळे झोपले तरी चालेल, सुट्टी त्यासाठीच असते. पाचवी रात्र परतीच्या गाडीत जाईल.

प्रतिसाद

ट्रेनच. एवढा वेळ गाडीत बसून गुडघे आखडतात, ट्रेनमध्ये निदान उठून फिरता येतं. मांडवी एक्सप्रेस दिवसा जाते, ठाण्याला थांबते आणि दुपारनंतर कुडाळला उतरवते. मुलांना बोगदे आणि पूल बघायला मिळतात. कुडाळ ते मालवण साधारण ३० किमी आहे. घरगुती मुक्काम घेणार असाल तर मालकांनाच गाडी पाठवायला सांगा.

तिकिटाचं नीट ऐका. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं आणि दिवाळीत मिनिटांत संपतं. जाण्याचं आणि येण्याचं वेगवेगळ्या दिवशी उघडेल, दोन्ही तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहा. आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा. ज्येष्ठांचा लोअर बर्थ कोटा तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तरच मिळतो, सहा जणांचं एकत्र काढलं की तो हातचा गेला. मुलीला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडं पडेल, अर्धं तिकीट बर्थशिवाय असतं. धाकट्याला बर्थ नको असेल तर तिकीटच लागत नाही.

येताना तुतारी एक्सप्रेस बघा. सावंतवाडीहून संध्याकाळी सुटते, त्यामुळे शेवटचा दिवस मोती तलाव आणि लाकडी खेळण्यांच्या दुकानांना देता येईल. जातानाही तुतारीच घेतलीत तर तारीख जपून टाका. दादरहून ती मध्यरात्र उलटल्यावर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारचं.

प्रतिसाद

मी मालवणचाच. किल्ल्याबद्दल सांगतो. मालवणच्या जेट्टीवरून होडी सुटते, पाणी फार लांबचं नाही. खरी अडचण चढण्या-उतरण्याची, कारण होडी हलत असते. सकाळी लवकर या, गर्दी आणि ऊन दोन्ही कमी असतं. काकूंना दोघांनी दोन्ही बाजूंनी धरायचं, खलाशीही हात देतात. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचंच, मुलाच्या मापाचं आहे का ते आधी विचारा. होडीवाले परतीची वेळ देतात, साधारण तासाभराची. वयस्कर माणसं आहेत, थोडा जास्त वेळ लागेल, हे चढतानाच सांगा. देऊळ, दूधबाव, दहीबाव, साखरबाव एवढं निवांत बघा. खाऱ्या पाण्याच्या मधोमध या विहिरींना गोडं पाणी आहे, मुलीला ते नक्की दाखवा. सबंध तटावरून फिरायचा आग्रह नको.

काकूंनी जेट्टीवर येऊन नको म्हटलं तर जबरदस्ती करू नका. काकांना घेऊन यजमान जातील, तुम्ही मुलांसह रॉक गार्डनला बसा. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून धामापूरला जा. तलाव आणि काठावरचं भगवतीचं देऊळ, फार शांत जागा आहे.

शाकाहाराची काळजी नको. काळ्या वाटाण्याचं सांबार, घावणे, आंबोळी, सोलकढी, काकांचं पोट भरेल. मात्र भांडी वेगळी हवीत का ते बुकिंगच्या वेळीच स्पष्ट विचारा. त्यात कुणी वाईट मानत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. यजमानांना हे वाचून दाखवलं, गोवा रद्द झालं. लोअर बर्थचं मला खरंच माहीत नव्हतं. सासरे तर किल्ल्याचं नाव काढताच मुलीला १६६४ च्या बांधकामाची गोष्ट सांगायला बसले.

आता एकच राहिलं. तळमजल्यावरची, कमोड असलेली खोली आणि शाकाहारी जेवण, असा घरगुती मुक्काम कुणी स्वतः राहून पाहिलाय का? समुद्र अगदी दारात नसला तरी चालेल, वाळूत सासूबाईंना चालवत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.