दुहेरी तबकडी आणि तिची किंमत

द क्लॅश या ब्रिटिश बँडच्या ‘लंडन कॉलिंग’ या अल्बममध्ये रेगे आणि स्का (दोन्ही मूळचे जमैकातले), रॉकाबिली (जुन्या रॉक अँड रोलचा एक प्रकार) आणि जॅझ आल्यामुळे बँडने तिथेच पंकची, म्हणजे कर्कश, बंडखोर रॉक संगीताची, साथ सोडली, हे या अल्बमवरच्या चर्चेत मांडलेले मत मला पटत नाही. बँडचा बास गिटारवादक पॉल सिमोनन लंडनच्या ब्रिक्स्टन या कॅरिबियन वस्तीच्या भागात वाढला होता, त्यामुळे अल्बममधल्या ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’ या गाण्यातला रेगेचा ठेका त्याला लहानपणापासून ओळखीचा होता आणि तो या संगीतात उसना वाटत नाही. टॉपर हेडनसारखा सर्व शैलींत सहज वाजवणारा ड्रमर नसता, तर हा विस्तार शक्यच झाला नसता. त्याच्याबद्दल या चर्चेत कोणीच लिहिले नाही, याचे खरोखर वाईट वाटते.

शिवाय एक महत्त्वाची गोष्ट चर्चेत राहून गेली आहे. डिसेंबर १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये हा दुहेरी, म्हणजे दोन तबकड्यांचा, अल्बम एका तबकडीच्या किमतीत विकला गेला. सीबीएस ही त्यांची रेकॉर्ड कंपनी दुहेरी अल्बमला तयार नव्हती, म्हणून बँडने आधी सोबत एक बारा इंची सिंगल (एक-दोन गाण्यांची तबकडी) मोफत देण्याची परवानगी मिळवली आणि पुढे त्या सिंगलचीच नऊ गाण्यांची दुसरी तबकडी झाली. यातले शेवटचे गाणे, ‘ट्रेन इन व्हेन’, इतके उशिरा आले की तोवर वेष्टन छापून झाले होते आणि मूळ आवृत्तीच्या यादीत त्याचे नावच नाही. चाहत्याच्या खिशाचा असा विचार करणे हे मला गिटारच्या कोणत्याही कर्कशपणापेक्षा अधिक पंक वाटते.