देवपूर ते अवधान सिंगल स्पीड: मागचं फ्रायव्हील किती दात्यांचं लावू?

देवपूरकर:
नमस्कार मंडळी. राहतो धुळ्यात देवपूरला, अवधान एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला जातो. सायकल सिंगल स्पीड, पुढे पायडलच्या चेनव्हीलला 46 दाते, मागे चाकावरच्या फ्रायव्हीलला 16, टायर 700 बाय 32. आग्रा रोडवर छान पळते. पण गाव मागे पडून हायवेला लागलं की लळिंगच्या दिशेने रस्ता हळूहळू चढतो, आणि जून लागला की समोरून वारा. उभं राहून पायडल मारावं लागतं. हल्ली गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. गिअरची सायकल नको. पावसाचिखलात उभी असते, तिची निगा राखायला वेळ नाही. मागे 18 लावू की 20? का पुढचं चेनव्हीलच बदलू? परत येताना उतार आहे, तिथे पाय नुसते गरगर फिरतील अशी भीती वाटते.

रावेरचा_भाऊ:
18 लाव भो, बिनधास्त. रावेर-सावदा रस्त्यावर माझी 46-18 वर्षानुवर्षं चालू आहे. 20 लावलंस तर सपाटीवर वेगच मिळणार नाही.

चाळीसगावची:
देवपूरकर भाऊ, मी 20 म्हणेन. वडिलांचं सायकलचं दुकान होतं, आता मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हिशोब मांडल्याशिवाय राहवत नाही.

तुमचं चाक एका फेऱ्यात साधारण 2.15 मीटर जातं. 46 भागिले 16 म्हणजे 2.87, पायडलच्या एका फेऱ्यात सायकल 6.2 मीटर पुढे. चढाला वाऱ्यात तुमचा वेग ताशी 18 किलोमीटर धरला तर पाय मिनिटाला 48 फेरे मारतात. इतक्या हळू फिरणाऱ्या पायाला प्रत्येक फेऱ्यात फार जोर लावावा लागतो, आणि तो गुडघ्यावर येतो. 18 लावलं तर त्याच वेगाला 54 फेरे, 20 लावलं तर 60. हा फरक पहिल्याच दिवशी पायाला कळतो.

आता सपाटीचं. 46-20 वर ताशी 25 ला 84 फेरे होतात. सवयीच्या माणसाला ते जड नाही. उतारावर 30 च्या पुढे गेलात तर पाय थांबवा, फ्रायव्हील त्यासाठीच असतं. उतार फुकट मिळतो, चढ आणि वारा मात्र अंगावर घ्यावा लागतो. गिअर ठरवायचा तो रस्त्याच्या सगळ्यात वाईट तुकड्यासाठी.

रावेरच्या भाऊंना 18 जमतं, कारण तिथे दोन्ही बाजूंना केळी उभी असतात, वारा अडतो. धुळ्याचं तसं नाही. साक्रीकडे ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या उभ्या केल्यात त्या वारा आहे म्हणूनच. तुम्ही 18 ने चाललात आणि समोरून 20 चा वारा आला, तर हवेच्या दृष्टीने तुम्ही 38 ने चाललेले असता. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा नसतानाच्या साधारण साडेचारपट. अशा वेळी दोन दात्यांचाही आधार लागतो.

पुढचं चेनव्हील बदलू नका. त्याच्यामागे क्रँकचा, म्हणजे पायडलच्या दांड्याचा, खर्च लागू शकतो, फ्रायव्हील त्यामानाने फार स्वस्त. आणि 16 चं 20 करताना एक सोय आपोआप होते: चेनमध्ये एक इंच, म्हणजे दोन कड्या, वाढवल्या की चाक फ्रेमच्या खाचेत जिथे आहे तिथेच बसतं. 18 लावलं तर कडी न वाढवता चाक सहा-सात मिलिमीटर पुढे सरकवावं लागेल; मडगार्डला टायर घासतो का ते आधी बघून घ्या.

जुनी चेन असेल तर मोजा. एका पिनेच्या मध्यापासून चोविसाव्या कडीनंतरच्या पिनेपर्यंत बरोबर 12 इंच भरायला हवेत. 12 आणि वर एक अष्टमांश भरलं तर चेनही नवीच टाका. ताणलेली चेन नव्या दात्यांवर उडी मारते, आणि नेमकी चढावर जोर लावताना मारते.

आणि सीटची उंची. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली आलं की पाय सरळ व्हायला हवा. वाटीखालचं दुखणं पुष्कळदा खाली बसवलेल्या सीटमुळेही असतं. हे आजच बघा, त्याला पैसा लागत नाही. दोन्ही करूनही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

रावेरचा_भाऊ:
ताई, केळीचं खरं आहे. बागा कापून झाल्या की त्याच रस्त्यावर माझाही दम निघतो. चढ असेल तर 20 ला माझी हरकत नाही.

देवपूरकर:
ताई, मनापासून आभार. सीट खरंच खाली होती, दोन बोटं वर घेतली. 20 चं फ्रायव्हील मिळालं, पण दुकानदार म्हणतो जुनं जाम बसलंय, निघत नाही, हातोडा-छिन्नीने काढावं लागेल.

चाळीसगावची:
छिन्नी लावू देऊ नका, हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचे, आटे जातील. पायडल मारताना फ्रायव्हील आपोआप आवळत जातं, म्हणून ते जाम बसतं. आट्यांत तेल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी त्या फ्रायव्हीलच्या खाचांत बसणारी चावी घाला, ती निसटू नये म्हणून वरून अ‍ॅक्सलचा नट हलका लावा. मग चावी व्हाईसमध्ये, म्हणजे टेबलावर बसवलेल्या शिकंज्यात, पक्की धरा, चाक तिच्यावर आडवं, फ्रायव्हील खाली. टायर दोन्ही हातांनी धरून बसच्या स्टिअरिंगसारखा डावीकडे फिरवा. सुटल्यासुटल्या नट काढून टाका, नाहीतर आटे उलगडताना तोच अडेल. ज्याच्याकडे व्हाईस आहे असा कुठलाही वेल्डिंगवाला चालेल. नवं बसवण्याआधी आट्यांना ग्रीस लावायला सांगा, पुढच्या वेळी सोपं जाईल.